मॉक कुठे, स्टब कुठे: जँगोच्या व्ह्यूंची टेस्ट लिहिताना

तुमचा प्रश्न असा: जँगोमध्ये, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, ऑर्डर घेणारं एक ॲप आहे. 'ऑर्डर पक्की करा' या व्ह्यूला पाच-सहा टेस्ट आहेत आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. तरी परवा पानावर एकूण रकमेची जागा कोरी आली, आणि ते कळलं गिऱ्हाइकाच्या फोनवरून. टीममधले सीनियर म्हणतात की युनिट टेस्टने डेटाबेसला हात लावायचाच नाही, म्हणून ऑर्डर मॉक, क्वेरी मॉक, पेमेंटही मॉक. तर मॉक करायचं काय, स्टब करायचं काय, आणि दोघांत फरक काय?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. पेमेंट गेटवे, एसएमएस पाठवणारी सेवा, घड्याळ, म्हणजे तुमच्या ॲपच्या उंबरठ्याबाहेरचं जे जे आहे, त्याच्या जागी तोतया, म्हणजे टेस्टपुरती खोटी वस्तू, उभा करा. उंबरठ्याच्या आतलं, म्हणजे मॉडेल, क्वेरी, फॉर्म, टेम्प्लेट, खरंच राहू द्या. तोतयांमध्येही शक्यतो स्टबवर, म्हणजे नुसतं ठरलेलं उत्तर देणाऱ्या तोतयावर, भागवा. मॉक राखून ठेवा तो 'हे काम एकदाच झालं पाहिजे' किंवा 'हे काम होताच कामा नये' असं सांगायची वेळ येईल तेव्हासाठी. व्ह्यूच्या टेस्टमध्ये अशी वेळ फार वेळा येत नाही. कोड इथे चिकटवत नाही, शब्दांतच सांगतो. तुम्ही रोज पायथॉन लिहिता, तेव्हा अडणार नाही.

शब्दांचा घोळ आधी निस्तरू. रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कमध्ये व्ह्यू म्हणजे टेम्प्लेट, पडद्यावर उमटणारा भाग. जँगोमध्ये व्ह्यू म्हणजे रिक्वेस्ट घेऊन रिस्पॉन्स देणारं फंक्शन किंवा क्लास, रेल्सवाले ज्याला कंट्रोलर म्हणतील ते. 'व्ह्यू टेस्टमध्ये मॉडेलचा तोतया चालतो' हा रेल्सच्या वर्तुळातला जुना सल्ला मुळात टेम्प्लेटबद्दल होता. तो उचलून जँगोच्या व्ह्यूला लावला की तुमच्यासारखी गत होते. तुमच्या सीनियरांचा सल्ला तिथूनच आला असावा अशी मला शंका आहे.

आता मॉक आणि स्टब. 'मॉक ऑब्जेक्ट' हा शब्द रुळला तो २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी मांडलेल्या निबंधामुळे. पुढे जो तो प्रत्येक तोतयाला मॉकच म्हणायला लागला, तेव्हा जेरार्ड मेसझारोस यांनी 'टेस्ट डबल' हे सामायिक नाव देऊन त्याखाली डमी, स्टब, स्पाय, मॉक आणि फेक अशा जाती लावल्या. पाचही पाठ करायची गरज नाही. स्टब ठरलेलं उत्तर देतो: पेमेंट झालं का विचारलं की 'झालं' म्हणतो आणि गप्प बसतो. मॉक अपेक्षा बाळगून असतो: मला एकदाच आणि याच रकमेसकट बोलावलं नाहीत तर टेस्ट पाडीन.

ओळखायची सोपी खूण अशी. टेस्टच्या शेवटच्या ओळीत तुम्ही प्रश्न कोणाला विचारताय ते बघा. रिस्पॉन्सला किंवा डेटाबेसला विचारत असाल तर तोतया स्टब म्हणून वापरलाय. खुद्द तोतयालाच 'तुला काय सांगितलं होतं?' म्हणून विचारत असाल तर तो मॉक. पायथॉनमधला मॉक क्लास दोन्ही कामं करतो, शिवाय जाब नंतर विचारला जातो, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तो स्पाय ठरेल. मायकल फूर्ड यांनी लिहिलेलं ते मॉड्यूल २०१२ मध्ये पायथॉन ३.३ सोबत स्टँडर्ड लायब्ररीत आलं. त्याचं नावच मॉक असल्याने पायथॉनवाल्यांच्या तोंडी स्टब हा शब्द जवळजवळ येतच नाही. वस्तू मात्र ते रोज वापरतात.

तर तुमची कोरी रक्कम. तुम्ही टेस्टचा सांगाडा दिलाय त्यावरून मला दिसतं ते असं: ऑर्डर म्हणून एक मॅजिकमॉक (त्याच मॉड्यूलमधला तयार तोतया) केला, त्याच्या टोटलमध्ये ५०० ठेवले, ऑर्डर शोधणारं फंक्शन पॅच करून, म्हणजे टेस्टपुरतं बदलून, हा मॅजिकमॉक परत द्यायला लावला, व्ह्यूला रिक्वेस्ट मारली आणि स्टेटस २००, म्हणजे 'ठीक', आला की टेस्ट पास.

मॅजिकमॉक म्हणजे दारात येणारा नंदीबैल. काहीही विचारा, मान डोलावतो. जँगोच्या टेम्प्लेटशी त्याची गाठ पडली की काय होतं ते एकदा नीट बघण्यासारखं आहे, कारण बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

टेम्प्लेटमध्ये तुम्ही ऑर्डर टिंब टोटल लिहिता. जँगो ते सोडवताना पहिल्यांदा ऑर्डर ही डिक्शनरी आहे असं धरून चौकोनी कंसात 'टोटल' ही किल्ली लावून बघतो. ते फसलं तरच ॲट्रिब्यूटकडे वळतो, आणि तेही फसलं तर यादीतला क्रमांक म्हणून बघतो. तुमच्या खऱ्या मॉडेलला चौकोनी कंस कळत नाही, म्हणून गाडी ॲट्रिब्यूटवर येते आणि सगळं ठीक चालतं. मॅजिकमॉकला मात्र चौकोनी कंसही कळतो! तो किल्ली न बघताच एक नवा मॅजिकमॉक काढून देतो. तुम्ही टोटलमध्ये प्रेमाने ठेवलेले ५०० टेम्प्लेटला दिसतच नाहीत. पानावर छापला जातो तो मॅजिकमॉकचा नाव-आयडीचा मजकूर. टेस्टने पान वाचलंच नाही तर हे कोणाला कळणार?

पुढे अजून गंमत आहे. रकमेला फ्लोटफॉरमॅट हा फिल्टर लावून दोन दशांश मागितले असतील तर पानावर १.०० येतं, कारण मॅजिकमॉकचं फ्लोटमध्ये रूपांतर केलं की ठरलेलं उत्तर १.० असतं. 'जर पैसे भरले असतील तर' अशी अट असेल तर ती नेहमीच खरी ठरते, कारण बूलियन म्हणून तो खरा. ऑर्डरमधल्या वस्तूंवर लूप असेल तर तो एकदाही फिरत नाही, कारण त्याची लांबी शून्य. म्हणजे ज्या टेम्प्लेटमध्ये वस्तूंच्या ओळीत चूक आहे त्या टेम्प्लेटची ती ओळ टेस्टमध्ये चाललेलीच नसते. एक शंका इथे चाणाक्ष वाचकाला येईल: टेम्प्लेट तर फंक्शनसारखी वस्तू दिसली की तिला स्वतःहून कॉल करतं, मग मॉकला का करत नाही? कारण कॉल करण्याआधी जँगो त्या वस्तूला विचारतो, 'टेम्प्लेटमध्ये कॉल करू नये अशी खूण तुझ्यावर आहे का?' आणि नंदीबैल त्यालाही मान डोलावतो.

आता उलटी बाजू. खरं टेम्प्लेट चुकलं तर जँगो आरडाओरडा करत नाही. टोटलच्या जागी टोटल अमाउंट असं नसलेलं नाव लिहिलंत तर ते मुकाट्याने रिकामी जागा छापतं. तुमच्याकडे हेच झालं असणार: कोणीतरी मॉडेलमधल्या फील्डचं नाव बदललं आणि टेम्प्लेटमध्ये जुनंच राहिलं. नंदीबैल दोन्ही नावांना मान डोलावतो आणि टेम्प्लेट चुकीचं नाव गिळून टाकतं. दोन मुके समोरासमोर बसवल्यावर साक्ष कोण देणार? पेशवाईत भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा भाऊसाहेबांना पाहिलेली माणसं निदान हयात होती. इथे तेवढीही सोय नाही.

मॉकला मॉडेलचा स्पेक द्या, म्हणजे मॉडेलवरची नावंच त्याला चालतील, असं काहीजण सुचवतील. स्पेक दिला की चौकोनी कंसाचा घोटाळा मिटतो हे खरं. पण नसलेल्या नावावर मॉकने जो ॲट्रिब्यूट एरर दिला, तो टेम्प्लेट पुन्हा गिळतंच. तेव्हा माझा सल्ला साधा आहे: टेम्प्लेटपर्यंत पोचणाऱ्या वस्तूचा तोतया करू नका. फक्त टेम्प्लेट तपासायचं असेल तर खरी ऑर्डर तयार करा आणि सेव्ह करू नका. मॉडेलची वस्तू मेमरीत बनवायला डेटाबेस लागत नाही. ती देऊन टेम्प्लेट रेंडर करा आणि निघालेल्या मजकुरात ५०० आहे का ते बघा. अशी टेस्ट जँगोच्या सिंपल टेस्टकेस या क्लासमध्ये ठेवली तर चुकून क्वेरी गेलीच तर जँगो स्वतःच अडवतो. तुमच्या सीनियरांचा नियमही पाळला जातो. ऑर्डरला वस्तू, वस्तूंना प्रकार, अशी लेकुरवाळी मांडणी लागायला लागली की मात्र हट्ट सोडा आणि डेटाबेस वापरा.

रकमेची टेस्ट लिहिताना ५०० सारखा आकडा घेऊ नका, हे जाता जाता. ५०० पानावर कुठेही सापडतो, अगदी सीएसएसमध्येही. ४८७.३५ घ्या.

डेटाबेसकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. क्वेरी मॉक करणं म्हणजे फिल्टरचा परतावा, त्याच्या ऑर्डर-बायचा परतावा, त्याच्या पहिल्या दहांचा परतावा, अशी साखळी टेस्टमध्ये हाताने विणणं. मी ही विणकामं बरीच केली आहेत आणि उसवलीही आहेत. त्यांत दोन दोष असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. पहिला: वागणूक न बदलता कोड सुधारला तरी टेस्ट लाल. पान हळू उघडतं म्हणून कोणी सिलेक्ट-रिलेटेड (जोडलेल्या टेबलांचा डेटा एकाच क्वेरीत आणणारं) घातलं, पानावर एक अक्षर बदललं नाही, पण साखळीत नवी कडी आली आणि आठ टेस्ट पडल्या. दुसरा: वागणूक मोडली तरी टेस्ट हिरवी. फिल्टरमध्ये स्टेटस या फील्डच्या नावाचं स्पेलिंग चुकवा. खरी क्वेरी असेल तर जँगो लगेच फील्ड एरर देईल, मॉकला सोयरसुतक नाही. चांगली टेस्ट जे करते त्याच्या नेमकं उलट या टेस्ट करतात.

'पण डेटाबेस हळू असतो.' अर्धसत्य. जँगोची टेस्टकेस प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवते आणि शेवटी रोलबॅक करते, म्हणजे बदल मागे घेते, टेबलं दरवेळी पुसली जात नाहीत. सगळ्या टेस्टना लागणारा डेटा सेटअप-टेस्ट-डेटामध्ये ठेवला तर तो क्लासमागे एकदाच भरला जातो. टेस्ट डेटाबेस दरवेळी नव्याने बांधायचा नसेल तर कीप-डीबी हा पर्याय आहे, आणि पॅरलल लावून मशीनचे सगळे कोअर वापरता येतात. बहुतेक प्रोजेक्टांत खरी दिरंगाई भलतीकडेच असते: पासवर्ड हॅशिंग. ते मुद्दाम हळू केलेलं असतं, कारण पासवर्ड फोडणाऱ्याला ते महाग पडावं. प्रत्येक टेस्टमध्ये युजर बनवून पासवर्डने लॉगिन करत असाल तर तो सगळा वेळ तिथे जळतो. टेस्टच्या सेटिंगमध्ये एमडीफाइव्हचा (झटपट पण कमकुवत) हॅशर लावा, आणि लॉगिनसाठी फोर्स-लॉगिन वापरा. हे फक्त टेस्टच्या सेटिंगमध्ये, हे सांगायला नको, पण सांगतो. एका प्रोजेक्टमध्ये ती ओळ मूळ सेटिंगमध्ये सापडली होती.

प्रॉडक्शनला पोस्टग्रेस असेल तर टेस्टलाही पोस्टग्रेसच ठेवा. एसक्यूलाइट वेगाने चालतं म्हणून टेस्टला ते वापरणं म्हणजे डेटाबेसचाच तोतया केल्यासारखं आहे. डेसिमलची हाताळणी, लॉक, जेसन फील्ड, सगळीकडे दोघांच्या सवयी वेगळ्या.

आता उंबरठ्याबाहेर. पेमेंट गेटवेला टेस्टमधून खरा कॉल करायचा नाही हे उघड आहे. प्रश्न कुठे कापायचं हा. व्ह्यूमध्ये थेट गेटवेची लायब्ररी वापरू नका. मध्ये तुमचं स्वतःचं एक छोटं फंक्शन ठेवा, 'पैसे घे' असं, जे ऑर्डर घेतं आणि यश किंवा अपयश सांगतं. व्ह्यूच्या टेस्टमध्ये त्या फंक्शनला स्टब करा. त्या फंक्शनची स्वतःची टेस्ट वेगळी, आणि तिथे एचटीटीपीच्या पातळीवर खोटं उत्तर द्या. एचटीटीपी कॉलसाठी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरत असाल तर त्यासाठी रिस्पॉन्सेस नावाची लायब्ररी आहे. असं केलं की गेटवेच्या लायब्ररीने आपली फंक्शनं बदलली तरी व्ह्यूच्या टेस्टना त्याचा पत्ताही लागत नाही.

पॅच करताना नाव कुठलं द्यायचं यात नवीन माणूस हमखास पडतो. 'पैसे घे' हे फंक्शन पेमेंट्स मॉड्यूलमध्ये जन्मलं आणि व्ह्यूच्या फाइलीत ते नाव इम्पोर्ट करून आणलं, तर पॅच व्ह्यूच्या फाइलीतल्या नावाला लावायचा, पेमेंट्समधल्या नाही. इम्पोर्ट झाल्यावर व्ह्यूकडे त्या फंक्शनचा स्वतःचा धागा असतो. माहेरचं नाव बदललं तरी सासरी हाक जुन्याच नावाने मारली जाते. पॅच चुकीच्या जागी लागला तर टेस्ट खऱ्या फंक्शनला बोलावते, आणि सेटिंगमध्ये खरी किल्ली असेल तर पैसे कापलेही जातील. म्हणून टेस्टच्या सेटिंगमध्ये गेटवेची किल्ली नेहमी रद्दड ठेवा.

आणि पॅच करताना ऑटोस्पेक चालू करा. दरवेळी. त्याने मॉकला खऱ्या फंक्शनची सही, म्हणजे कोणती आर्ग्युमेंट्स लागतात ते, चिकटते. उद्या 'पैसे घे'ला चलनाचं आर्ग्युमेंट सक्तीचं झालं आणि व्ह्यू ते द्यायला विसरला, तर साधा मॉक मान डोलावेल, ऑटोस्पेकवाला टाइप एरर देईल. जुन्या पायथॉनमध्ये आणखी एक फजिती होती: ॲसर्टचं स्पेलिंग चुकलं की मॉक त्यालाही एक नवं ॲट्रिब्यूट समजायचा आणि टेस्ट पास व्हायची. ३.५ पासून ॲसर्टने सुरू होणारी अनोळखी नावं अडवली जातात. 'ॲसर्ट कॉल्ड वन्स' ऐवजी नुसतं 'कॉल्ड वन्स' लिहिलं तर तेही ३.१२ पासून अडवलं जातं. तुमचं पायथॉन त्याआधीचं असेल तर जुन्या टेस्टमध्ये अशी नावं शोधा. सापडतील.

ऑटोस्पेकने सगळं मिटत नाही, आणि हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एक गेटवे जोडला. त्याला रक्कम पैशांत लागायची, रुपयांत नाही. हे भारतातल्या गेटवेंमध्ये अगदी नेहमीचं आहे, दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं असतं. मी घाईत रुपयेच पाठवले. टेस्टही मीच लिहिली: मॉकला १२५० मिळाले का? मिळाले. हिरवी. पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यातून साडेबारा रुपये गेले आणि माल गेला साडेबाराशेचा. चूक गेटवेची नव्हती, माझी होती. पण मुद्दा असा की कोडमधला गैरसमज आणि मॉकमधला गैरसमज एकाच डोक्यातून आले होते, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी छान जमलं. त्यानंतर गेटवेच्या सँडबॉक्सवर (चाचणीसाठीच्या सर्व्हरवर) खरा कॉल करणाऱ्या मोजक्या टेस्ट मी वेगळ्या ठेवतो. त्या दर कमिटला चालत नाहीत, रात्री एकदा चालतात. सँडबॉक्स बंद असला की त्या पडतात आणि सकाळी कोणीतरी कुरकुरतं. कुरकुरू दे.

स्टबचं खरं मोल मात्र यशाच्या वाटेवर नाही, अपयशाच्या वाटेवर आहे. कार्ड नाकारलं जाणं, गेटवेने ५०० हा एररचा स्टेटस देणं, उत्तर अर्धवट येणं, हे खऱ्या सेवेकडून हवं तेव्हा घडवून आणता येत नाही. स्टबला साइड इफेक्ट म्हणून एक एक्सेप्शन द्या आणि व्ह्यू काय करतो ते बघा. टाइमआउटची टेस्ट तर लिहाच, कारण तिथे प्रश्न कोडचा नाही, व्यवहाराचा आहे: उत्तर आलं नाही याचा अर्थ पैसे कापले गेले नाहीत असा होत नाही. अशा वेळी व्ह्यूने ऑर्डर 'नापास' करायची की 'तपास चालू' ठेवायची? टेस्ट लिहायला बसलं की हा प्रश्न धंद्याच्या माणसाला विचारावाच लागतो. आमच्याकडे तो विचारल्यावर खोलीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

इथे एक गोष्ट स्टब कधीच सांगणार नाही. रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट दिला नाही तर ती आपणहून कुठलाही टाइमआउट लावत नाही, समोरचा गप्प बसला तर हीही बसून राहते. स्टब टाइमआउटचं एक्सेप्शन देतो तेव्हा 'टाइमआउट होतो' हे आपण गृहीत धरलेलं असतं. तेव्हा 'पैसे घे'च्या टेस्टमध्ये टाइमआउट खरंच पाठवला गेला का हे तपासणं हे मॉकचं रास्त काम आहे.

मॉकची अशी आणखी रास्त कामं: साठा संपलेला असताना पेमेंटला एकदाही बोलावलं गेलं नाही ना? एकाच फॉर्मची रिक्वेस्ट दोनदा आली तर पैसे एकदाच घेतले ना? या दोन्हींत परिणाम तुमच्या डेटाबेसच्या बाहेर घडतो, तिथे डोकावायला दुसरी खिडकी नाही, म्हणून तोतयाला विचारायचं. खिडकी असेल तर तीच वापरा. मेलचं घ्या. मेल पाठवणारं फंक्शन मॉक करायची गरजच नाही. टेस्ट चालताना जँगो मेल आपोआप मेमरीतल्या आउटबॉक्समध्ये टाकतो. किती मेल गेले, कोणाला, विषयात काय, सगळं तिथे वाचता येतं. हा तयार फेक आहे आणि हाताने केलेल्या मॉकपेक्षा दसपट बरा.

मेलवरून एक खड्डा दाखवतो. मेल पाठवणं ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच, म्हणजे ऑन-कमिटमध्ये ठेवलं असेल (ठेवलंच पाहिजे), तर साध्या टेस्टकेसमध्ये आउटबॉक्स रिकामाच राहतो. कारण वर म्हटलं तसं टेस्टकेस ट्रान्झॅक्शन कधी पक्कं करतच नाही. लोक इथे वैतागून ऑन-कमिटच मॉक करतात. जँगो ३.२ पासून कॅप्चर-ऑन-कमिट-कॉलबॅक्स आहे, त्याला एक्झिक्यूट करायला सांगा, कॉलबॅक चालतात आणि आउटबॉक्स भरतो.

रिक्वेस्ट फॅक्टरी की टेस्ट क्लायंट? फॅक्टरीने बनवलेली रिक्वेस्ट थेट व्ह्यूच्या हातात जाते. यूआरएल जुळवणी नाही, मिडलवेअर नाही, सेशन नाही, युजरही तुम्हीच चिकटवायचा. म्हणजे तिथेही निम्मं जग तोतया. क्लायंटची रिक्वेस्ट या सगळ्यातून जाते, म्हणून मी व्ह्यूसाठी क्लायंटच वापरतो. एखाद्या मिक्सिनची किंवा डेकोरेटरची सुटी टेस्ट लिहायची असेल तेव्हा फॅक्टरी.

घड्याळाबद्दल, कारण हे भारतातल्या टीमला हमखास छळतं. 'आजच्या ऑर्डरी' दाखवणारा व्ह्यू आहे. कोडमध्ये टाइमझोन-नाऊ घेऊन त्याची तारीख काढली. टाइमझोन चालू असेल तर ती वेळ यूटीसी असते, आणि आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. दिवसा टेस्ट हिरवी, प्रॉडक्शन हिरवं, आणि रात्रपाळीत दुकानदाराला आजच्या ऑर्डरी दिसत नाहीत. घड्याळ हे स्टब करण्याजोगं पहिल्या दर्जाचं गिऱ्हाईक आहे. फ्रीझगन ही घड्याळ गोठवणारी लायब्ररी वापरा आणि वेळ मुद्दाम अडचणीची लावा: भारतीय वेळेने रात्रीचे पाऊण. सकाळी अकराची वेळ लावून घड्याळ गोठवण्यात काही अर्थ नाही. कोडमध्ये लोकल-डेट वापरली की ही टेस्ट हिरवी होते.

रेल्सवाल्या मित्रांसाठी दोन ओळी. टेम्प्लेटच्या स्पेकमध्ये (इथे स्पेक म्हणजे टेस्ट) मॉक-मॉडेल आणि स्टब-मॉडेल वापरायची जुनी पद्धत होती. २०१४ मध्ये आरस्पेक या रूबीच्या टेस्ट लायब्ररीची ३ ही आवृत्ती आली तेव्हा ती दोन्ही वेगळ्या जेममध्ये काढली गेली, आणि खऱ्या क्लासशी ताडून बघणारा इन्स्टन्स-डबल आला. फॅक्टरी-बॉटचं बिल्ड-स्टब्ड त्याहून सोयीचं वाटतं मला. वस्तू खऱ्या मॉडेलचीच असते, सेव्ह झाल्यासारखी वागते, पण डेटाबेसला लिहायला गेली की अडते.

आता तुमच्याकडच्या टेस्टचं काय करायचं. सगळ्या एका झटक्यात पाडू नका. एक ब्रँच काढा, ऑर्डरच्या टेम्प्लेटमधलं टोटलचं नाव मुद्दाम बिघडवा आणि सगळ्या टेस्ट चालवा. एकही लाल झाली नाही तर पहिली नवी टेस्ट कोणती लिहायची ते तुम्हाला मिळालं. मग फिल्टरमधलं स्टेटस बिघडवा. मग पेमेंटचा कॉलच काढून टाका. मग साठ्याची अट उलटी करा. प्रत्येक वेळी लाल झालेल्या टेस्ट मोजा, कोड पूर्ववत करा, पुढचं बिघडवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. यातल्या कशानेच कधी लाल न होणाऱ्या टेस्ट नुसत्या जागा अडवून बसल्या आहेत. त्या काढताना हात थरथरला तर आधी तीच वाट खऱ्या डेटाबेसवर तपासणारी एक टेस्ट लिहा आणि मग काढा.

सीनियरांशी तत्त्वावर वाद घालू नका, मी घातला आहे, त्यात दोन्हीकडचे दमतात. जँगो ५.० आणि पायथॉन ३.१२ असेल तर टेस्ट चालवताना ड्युरेशन्स हा पर्याय द्या, सगळ्यात हळू टेस्टची यादी वेळेसकट येते. पायटेस्टमध्येही तसाच पर्याय आहे. ती यादी हॅशर बदलण्याआधी एकदा काढा, बदलल्यावर एकदा काढा, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा.